आबांच्या नावावरचे ठोके

कारभारी आबांना लकवा मारला ही बातमी गावाने आधी खोटीच धरली. आजारी पडणं हे बाकीच्यांचं काम होतं. आबांचं काम आजारी पडलेल्यांना हिणवण्याचं. कुणी तापाचं निमित्त सांगून कामाला दांडी मारली की आबा मारुतीच्या पारावरून विचारायचे, "ताप आला का आणला?" सत्तरीला टेकलेला माणूस, पण मोसंबीचं भरलेलं कॅरेट एकट्याने उचलून ट्रॉलीत टाकायचा. दवाखान्याची पायरी चढलो नाही हे आबा अशा तोऱ्यात सांगायचे, की बाकीचे सगळे जणू हौसेने दवाखान्यात जात होते.

फटकळ असले तरी माणूस खरा, असं सगळा गाव म्हणायचा. भोकरदन तालुक्यातलं ते लहानसं गाव; बाजाराला पिंपळगाव रेणुकाईला जावं लागतं, पण भांडण मिटवायला बाहेर जावं लागत नसे. बांध कोरला, पाट फोडला, शेळी दुसऱ्याच्या तुरीत घुसली, असली प्रकरणं आबांपुढे यायची. आबा दोघांचं ऐकून घ्यायचे आणि ज्याचा संशय येईल त्याला म्हणायचे, "मारुतीकडं तोंड करून बोल." भल्याभल्यांची बोबडी वळायची. खोटं बोलणाऱ्या माणसाला पाणीही विचारू नये, असं त्यांचं मत होतं आणि ते मत त्यांनी अनेकांच्या तोंडावर सांगितलेलं होतं.

तर अशा माणसाच्या हातातून दिवाळीनंतर बागेत बसल्या बसल्या चहाचा कप गळाला. उचलायला गेले तर उजवा हात ऐकेना. त्यांची बायको दुर्गाबाई पलीकडे आळ्यातलं गवत काढत होती. तिने वर बघितलं आणि म्हणाली, "अवं, तोंड असं वाकडं का करून राह्यले?" आबांना उत्तर द्यायचं होतं, पण जिभेचा गोळा झाला होता. दुर्गाबाईने ओरडून माणसं गोळा केली. आबांचा चुलतभाऊ पुंजाराम, ज्याच्याशी त्यांचं कधी फारसं जमलं नाही, त्यानेच आपली जीप काढली आणि आबांना थेट जालन्याला पोचवलं. तिथे बियाण्याच्या कंपनीत नोकरीला असलेला त्यांचा मुलगा अंगद दवाखान्याच्या दारात उभाच होता. वेळेत पोचल्यामुळे आबा बचावले.

हळूहळू तोंड सरळ झालं, बोलणं परत आलं, पाय चालू लागला. उजव्या हाताची बोटं तेवढी आडमुठी राहिली. सदऱ्याची बटणं दुर्गाबाई लावून द्यायची, तीही दाराआड, कुणी बघू नये म्हणून. दाराआडची ही पद्धत आबांनीच घालून दिली होती.

दवाखान्यातल्या डॉक्टर कशफ मॅडम वयाने अंगदएवढ्या, पण त्यांच्यापुढे आबा गप्प बसायचे. मॅडमना एक गोष्ट खटकत होती. आबांचा रक्तदाब ठीक, साखर ठीक, मानेतल्या शिरा साफ. मग डोक्यात रक्ताची गुठळी आली कुठून? "काही माणसांचं हृदय मधेच ताल सोडतं," त्या म्हणाल्या, "ठोके वेडेवाकडे पडायला लागतात. तेवढ्यात आत रक्त साकळतं, त्याची गुठळी सुटते आणि डोक्यात जाऊन बसते. आणि आपण तपासायला गेलो की हृदय एकदम शहाणं. शाळेत साहेब आले की पोरं कशी हाताची घडी घालतात, तसं." म्हणून त्याच्यावर दिवसरात्र पाळत ठेवायची. छातीला पट्ट्या चिकटवायच्या, त्यांच्या वायरी एका छोट्या यंत्राला जोडायच्या आणि यंत्र गळ्यात अडकवून तीन दिवस घरी राहायचं.

यंत्र दवाखान्यात एकच होतं. आबांची पाळी आली ती चैत्रात. अंगदने रजा काढून त्यांना नेलं, एका वॉर्डबॉयने छातीवरचे केस काढले, पट्ट्या चिकटवल्या. तंबाखूच्या डबीपेक्षा जरा मोठं ते यंत्र, पिशवीत घालून गळ्यात आलं. मॅडमनी बजावलं, "झोपताना, चालताना, भांडतानासुद्धा काढायचं नाही. आंघोळ करायची नाही. पट्टी सुटलीच तर या जादा पट्ट्या दिल्यात, त्याच जागी नवी लावा." अंगदने त्यांना गावी आणून सोडलं आणि निघताना म्हणाला, "आबा, परवा हनुमान जयंती हाय. या साली पाणी पुंजारामकाकाला नेऊ द्या. मिशिन भिजलं तर सगळं वाया जाईल."

"बरं," आबा म्हणाले.

इथे त्या पाण्याबद्दल सांगायला हवं. हनुमान जयंतीच्या पहाटे गावाबाहेरच्या बारवेत बुडी मारायची, ओलेत्या धोतराने, उघड्या अंगाने, अनवाणी, पाण्याने भरलेली घागर खांद्यावर घेऊन वेशीतून यायचं आणि सूर्य उगवताना मारुतीवर घालायची. खाली टेकवायची नाही, वाटेत कुणाशी बोलायचं नाही. हा मान आबांच्या घराण्याचा. पण मानालाही एक मेख होती. ज्याने एका साली घागर सोडली त्याची घागर सुटली. पुढच्या सालापासून ती भावकीतल्या दुसऱ्या घराकडे जाते. आणि दुसरं घर म्हणजे पुंजारामचं. पुंजाराम काही वाईट माणूस नव्हता. त्याने फक्त पारावर चारचौघांत म्हटलं होतं, "दादाचा हात आता चालत न्हाई, जबरदस्ती कशाला करायची?" काळजीनेच म्हणाला असेल. पण आबांना ते बाणासारखं लागलं. हात चालत नाही हे खरं होतं म्हणून जास्तच लागलं.

पौर्णिमेच्या पहाटे आबांनी दुर्गाबाईला उठवलं.

"अगं ऊठ. हे मिशिन जरा तुझ्या अंगाला लावून घे. मी पाणी घालून येतो, मंग परत मला लाव."

दुर्गाबाई उठून बसली. तिला आधी समजेचना. "माझ्या? अवं, डॉक्टरीणबाईनं तुम्हाला दिलंय ना ते?"

"हो, पण बंद ठेवलं तर अंगदला कळंल ना. मधीच रिकामं दिसंल. काळीज ते काळीज. मिशिनला काय कळतंय कुणाचं हाय ते?"

यात आपण काही मोठी लबाडी करतो आहोत असं आबांना खरोखर वाटलं नाही. आपण जेवायला गेलो की पाण्याच्या इंजिनावर गड्याला बसवावं, तसंच हे. यंत्र चालू राहिलं म्हणजे झालं. गावाचे तंटे सोडवणाऱ्या माणसाला एवढं कळू नये याचं आपल्याला नवल वाटेल, पण हुशारी कुठे थांबते आणि हट्ट कुठे सुरू होतो ते हट्टी माणसाला कधी दिसत नाही.

दुर्गाबाईने दार लावलं, भिंतीकडे तोंड केलं आणि चोळीच्या गाठी सोडल्या. आबांनी आपल्या छातीवरच्या खुणा बघून बघून डाव्या हाताने तिच्या छातीवर नव्या पट्ट्या चिकटवल्या. पिवळ्या बल्बच्या उजेडात तिच्या गळ्याची हाडं वर आलेली दिसली. ही एवढी कधी वाळली, असं आबांच्या मनात येऊन गेलं. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिला अशी उजेडात कधी बघितलीच नव्हती. तिने डोळे मिटून घेतले होते.

"हात गार हाय तुमचा," ती पुटपुटली. मग म्हणाली, "छातीत धडधडून राह्यलं बघा."

"तुझं न्हेमीचंच हाय ते," आबा म्हणाले. "काळजात उंदीर शिरलाय तुझ्या."

हा उंदीर जुना होता. बागेतून येताना, जिना चढताना, कधी तर नुसती धान्य निवडत बसलेली असताना दुर्गाबाई अचानक छातीवर हात ठेवून थांबायची. "कसंतरीच व्हायलं," म्हणायची. आबा त्यावर उंदराचा विनोद करायचे, आलेगेलेले हसायचे आणि दुर्गाबाईही हसायची. दवाखान्याचा विषय निघाला नाही, कारण आबांच्या घरात दवाखान्याचा विषय निघत नसे.

त्या पहाटे आबांनी घागर नेली. बारवेत पायऱ्या धरून धरून उतरले, बुडी मारली, घागर डाव्या खांद्यावर घेतली. डावा खांदा रीतीला चालतो की नाही हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. वेशीत दोनचार पोरांनी मोबाईल वर केले. उघड्या छातीचा फोटो अंगदपर्यंत गेला असता तर सगळंच उघडं पडलं असतं. बोलायची तर बंदी. म्हणून त्यांनी असे डोळे वटारले की मोबाईल खाली गेले. नंतर पारावर त्यांनी सांगूनही टाकलं, मारुतीच्या पाण्याचा फोटो काढायचा नसतो. असा नियम गावाने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला आणि जुना म्हणून मानलाही.

पाणी घालून झालं. "आबा खणखणीत हायेत!" लोक म्हणाले. पुंजारामसुद्धा पाया पडला. आबांना लकव्यानंतर पहिल्यांदाच अंगात जीव आल्यासारखं वाटलं.

घरी आले तर दुर्गाबाई यंत्र दोन्ही हातांत धरून चुलीपाशी बसलेली. चूल पेटवली नव्हती. यंत्राला धग लागेल म्हणून भ्याली होती. तिचा चेहरा घामाने डबडबलेला होता. आबांनी घाईघाईने वायरी काढल्या, पुसूनपासून आपल्या छातीला लावल्या आणि चहा मागितला.

आठवड्याने जालन्याला बोलावणं आलं. कशफ मॅडमनी कागद समोर धरला आणि त्यांचा चेहरा उजळला. "सापडलं," त्या म्हणाल्या. "तिन्ही दिवस ठोके नीट आहेत, फक्त पौर्णिमेच्या पहाटे, उजाडायच्या सुमाराला बराच वेळ ताल सुटलाय. हेच शोधत होतो आपण."

अंगदने बापाचा गुडघा दाबला. "आबा, सापडलं!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सहा महिने तो बापाला दुसरा झटका येईल या धास्तीने फोन उशाशी घेऊन झोपत होता.

आबा कागदाकडे बघत होते. पौर्णिमेची पहाट. उजाडायचा सुमार. ते ठोके कुणाचे होते हे त्या खोलीत एकट्या त्यांनाच ठाऊक होतं.

मॅडमनी कागद पुन्हा उचलला. "एक विचारू का? तेवढ्या वेळात आलेखाची ठेवणही जरा निराळी दिसते. पट्ट्या हलल्या होत्या का?"

बोलायची वेळ ती होती. देवाने दार उघडून समोर धरलं होतं, आबांनी नुसतं पाऊल टाकायचं होतं. पण शेजारी अंगद होता, ज्याला आपण घागर न नेण्याबद्दल 'बरं' म्हणालो होतो. दारात नर्स होती. बाहेर बाकांवर माणसं होती, त्यात पिंपळगावचे दोघे ओळखीचे. आणि आबांना आत्ताच ऐकू येत होतं, गाव पारावर काय म्हणेल ते. कारभाऱ्याने बायकोचं काळीज आपल्या नावावर लावलं!

"हो," आबा म्हणाले. "सुटल्या व्हत्या. नव्या लावल्या."

मॅडमनी मान हलवली आणि चिठ्ठी लिहिली. रक्त पातळ करायची गोळी, सकाळ-संध्याकाळ. "ही गोळी म्हणजे पोरखेळ नाही," त्यांनी सांगितलं. "ज्याला गरज आहे त्याला ती वाचवते. गरज नसताना घेतली तर रक्तस्राव होऊ शकतो. पण तुम्हाला गरज आहे. ठोके असे सोडून दिले तर झटका कधी येईल सांगता येत नाही." हे त्या आबांना धीर द्यायला सांगत होत्या. आबांची नजर जमिनीवरून उठली नाही.

संध्याकाळी जेवताना अंगदने आईला सगळं उत्साहाने समजावलं. पौर्णिमेच्या पहाटे ठोके कसे सैरभैर झाले, गुठळी कशी होते, आता गोळीने आबा कसे सुरक्षित. दुर्गाबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला, पीठ बोटांना तसंच राहिलं. मग तिने भाकरी उलटली आणि म्हणाली, "सापडलं ते बरं झालं बाबा."

तिने आबांकडे बघितलं नाही. आबांनी तिच्याकडे बघितलं नाही.

गोळ्या सुरू झाल्या. अंगद रोज फोनवर विचारायचा, "घेतली का?" आबा घ्यायचे. ताटात दुसऱ्याच्या वाटणीचा घास आला आणि तो आपण गिळला, असं प्रत्येक वेळी वाटायचं. दुर्गाबाई पाण्याचा तांब्या आणून द्यायची आणि ते गिळेपर्यंत उभी राहायची. तिचा हात छातीकडे गेला की आबा दुसरीकडे बघायचे. उंदराचा विनोद त्यांनी पुन्हा कधी केला नाही. आता हसू आलंच नसतं कुणाला, निदान त्यांना तरी नाही.

एका सकाळी त्यांनी गोळी तोंडात टाकलीच नाही. तिच्या हातावर ठेवली.

"घे."

"मला कशाला?"

"घे म्हणतो ना. ताकदीची हाय."

दुर्गाबाईने गोळी परत त्यांच्या हातात दिली. "ताकदीची न्हाई ती. मला ठावं हाय ती कशाची हाय. आन् पहाटं मिशिन कुणाच्या अंगावर व्हतं तेबी ठावं हाय."

आबा खाटेवर बसले. "मंग त्याच दिशी बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? तुम्ही घागर न्हेली ती गावानं पाह्यली. पोरगं एवढं खुश झाल्तं. मी तोंड उघडलं असतं तर तुम्ही तोंड कुठं लपवलं असतं?"

"अगं पण तुला काही झालं तर?"

"इतक्या दिवस काय झालं?" ती म्हणाली. मग जरा थांबून, हसल्यासारखं करून म्हणाली, "आन् घ्यायची तर माझ्या नावाची घेईन. डॉक्टरीणबाईनं मला बघितलंय का? चोरून औषध कशाला घ्यायचं?"

त्यात राग असता तर आबांना बरं वाटलं असतं. राग नव्हता. ती त्यांची लाज सांभाळत होती. पदरात झाकून ठेवली होती तिने, सदऱ्याच्या बटणांसारखी, दाराआड. आबांनी तिला शब्द दिला, पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईला सगळं सांगतो, मारुतीची आण.

पुढची खेप आली. नेमका पुंजाराम गुडघा दाखवायला म्हणून सोबत आला. जीप त्याचीच होती, नाही कसं म्हणायचं? मॅडमच्या खोलीतही तो शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला. "काही त्रास?" मॅडमनी विचारलं. आबांनी तोंड उघडलं. पुंजाराम त्यांच्याकडे बघत होता, आस्थेने, नातेवाईक बघतात तसा. "न्हाई," आबा म्हणाले. परत येताना रस्ताभर ते खिडकीबाहेर बघत राहिले. घरी दुर्गाबाईने काही विचारलं नाही. पाणी दिलं, सदऱ्याची बटणं काढून दिली.

त्यानंतर आबा पारावर जाईनासे झाले. एकदा गावातला संपत आणि त्याचा भाऊ बांधाचं भांडण घेऊन घरीच आले. दोघं तावातावाने बोलत होते, कोण खोटं बोलतोय हे आबांना तेव्हाच उमगलं. मारुतीकडं तोंड करून बोल, हे नेहमीचं वाक्य अगदी जिभेवर आलं आणि तिथेच मेलं. "माझ्याच्यानं न्हाई व्हायचं आता," ते म्हणाले, "दुसऱ्या कुणाकडं जा." माणसं चकित होऊन निघून गेली. लकव्याने आबांचा स्वभाव मवाळ झाला, असं गावात बोललं जाऊ लागलं. आबांनी ते ऐकलं. आपली चोरी चांगुलपणाच्या नावाने खपते आहे याचीही त्यांना शरम वाटली, आणि तरीही ते गप्पच राहिले. उद्या सांगू. अंगद आला की सांगू. पुंजाराम नसेल तेव्हा सांगू. खोटं बोलायला एक क्षण लागला होता. ते निस्तरायला मात्र मुहूर्त सापडत नव्हता.

वैशाखात दुर्गाबाईने कुरडया घातल्या. पत्र्याच्या सावलीत बसून चीक साच्यात भरायचा, दांडा फिरवायचा आणि खाटेवर पसरलेल्या लुगड्यावर वेटोळी सोडायची. आबा ओट्यावर बसून बघत होते. एक कुरडई गोल पडली. दुसरी वाकडीतिकडी. तिसरी पडलीच नाही. साचा हातातून सुटून लुगड्यावर आडवा झाला आणि दुर्गाबाई आपल्या उजव्या हाताकडे परक्या वस्तूकडे बघावं तशी बघत राहिली.

"अंगदची माय!" आबा ओरडले.

तिने तोंड वर केलं. ते एका बाजूला ओघळलं होतं. हे तोंड आबांना चांगलं ओळखीचं होतं. दिवाळीनंतर बागेत ते स्वतःच असं तोंड घेऊन बसले होते. त्यांनी चप्पलसुद्धा घातली नाही, तसेच उन्हात धावत पुंजारामच्या दारात गेले. जन्मात कुणापुढे हात न जोडलेल्या माणसाने दोन्ही हात जोडले, तेव्हा कारण न विचारताच पुंजारामने जीपची चावी घेतली.

जालन्याला पोचेपर्यंत दुर्गाबाईचं डोकं आबांच्या मांडीवर होतं. तिला शुद्ध होती. बोलायला बघायची, नुसता घशातून आवाज यायचा. आबा तिचं तोंड पुसत होते आणि काय बडबडत होते ते त्यांनाही कळत नव्हतं. आपण तिच्या वाटणीची गोळी आज सकाळीही घेतली, हे एकच त्यांना पुन्हा पुन्हा आठवत होतं. तांब्या तिनेच आणून दिला होता.

दवाखान्यात धावपळ उडाली. डोक्याचा फोटो निघाला. कशफ मॅडम आल्या, फोटो बघितला. "वेळेत आणलंत. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येईल," त्या म्हणाल्या, "पण आधी सांगा, रक्त पातळ करायची काही गोळी चालू आहे यांना?"

"नाही मॅडम," अंगद म्हणाला. तो कंपनीतून तसाच धावत आला होता. "आबांना चालू आहे. आईला कसलीच गोळी नाही."

"छातीत धडधड? चक्कर?"

"मला तरी माहीत नाही." अंगद ओशाळला. आईबद्दल आपल्याला एवढंही ठाऊक नाही हे त्याला आत्ता कळत होतं.

"हृदयाच्या ठोक्यांची तपासणी? कधी केली होती?"

"नाही मॅडम. आईची कुठलीच तपासणी कधी केली नाही."

आबा खाटेच्या कडेला उभे होते. दुर्गाबाईचा चालता हात, डावा, त्यांच्या सदऱ्याच्या बाहीला घट्ट धरून होता. घाबरली आहे, असं त्यांना वाटलं. धीर द्यायला ते वाकले, तेव्हा तिची मान हलताना दिसली. अगदी थोडी, उशीवरच, या बाजूने त्या बाजूला. डोळे त्यांच्यावर रोखलेले. नको. बोलू नका. वाकडं झालेलं तोंड घेऊन, अर्धं अंग गेलेलं असताना, ती त्यांना गप्प करत होती, कारण दारात पुंजाराम उभा होता आणि समोर पोरगा होता.

आबांना वाटलं, जमीन दुभंगावी.

त्यांनी तिची बोटं बाहीवरून सोडवली. आपल्या आडमुठ्या उजव्या हाताने, एकेक करून. मग मॅडमकडे तोंड केलं.

"केलीय तपासणी," आबा म्हणाले.

"कुणाची?"

"हिची. पौर्णिमेच्या पहाटं मिशिन हिच्या अंगावर व्हतं. मीच लावल्तं, घागर न्ह्यायची म्हणून. तुम्ही विचारलं तवा खोटं बोललो. ते ठोके हिचे हायेत, मॅडम. माझ्या नावावर लागले."

पुंजारामने मान वळवली. अंगद बापाकडे बघत राहिला. तो रागावलेलाही नव्हता, त्याला नुसतं ऐकलेलं पटत नव्हतं. कशफ मॅडमनी एकदाच डोळे मिटले, उघडले आणि नर्सला म्हणाल्या, "इंजेक्शन भरा. यांचा आलेख काढा आधी, लगेच." मग आबांकडे न बघता म्हणाल्या, "तुमची गोळी आजपासून बंद. तुमचं नंतर बघू. जरा बाजूला उभे राहा."

आबा बाजूला झाले. नर्सने पडदा ओढला, पट्ट्यांचं पाकीट फाडलं. पडदा नीट मिटला नव्हता. फटीतून दुर्गाबाईचा चेहरा दिसत होता. नवऱ्याला चारचौघांत मान खाली घालून उभं राहिलेलं तिने कधी बघितलं नव्हतं. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि डोळे मिटून घेतले.